राखीव कप

आमच्या इमारतीतील बोक्याला आजवर कोणीही चोर म्हणू शकलेले नाही. तो चोरी करत नाही, असे माझे म्हणणे नाही. परंतु तळमजल्यावर सरवदे सर राहतात, आणि त्यांचे कान तीक्ष्ण आहेत.

एकदा पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकू ओरडल्या, "मेल्या बोक्यानं दूध प्यायलं!" लगेच जिन्यातून धीरगंभीर प्रश्न आला, "पाहिलं कुणी?"

"अहो सर, त्याच्या मिशीला साय लागलीय!"

"मिशीला साय आहे, हे निरीक्षण. दूध त्यानं प्यायलं, हा निष्कर्ष. या दोहोंच्या मध्ये तपास नावाची गोष्ट असते, काकू."

काकूंनी कपाळावर हात मारला. पुढे त्यांच्या मधुमेही यजमानांनी स्वतःच कबुली दिली. दूध आणि साय त्यांनीच संपवली होती, आणि बोक्याने गप्प राहावे म्हणून बोटभर साय त्यालाही चाटवली होती. तेव्हापासून सर दिसले की बोका त्यांच्या पायाशी अंग घासतो. हे निरीक्षण आहे. तो कृतज्ञ आहे, असा निष्कर्ष मी काढत नाही.

सरवदे सर हे गुन्हेगारीशास्त्राचे प्राध्यापक. आता निवृत्त. मूळ गाव मोडनिंब. आयुष्यभर त्यांनी महाविद्यालयात हा विषय शिकवला, आणि पोलिसांच्या प्रशिक्षणवर्गांतही व्याख्याने दिली. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. त्यामुळे जुळे सोलापुरातील आमच्या या सोसायटीत फळा आणि खडू सोडूनही शिकवणे न सोडलेली माणसे दोन. एक मी आणि दुसरे सर. मला लोक 'बाई' म्हणतात आणि सहन करतात. सरांना 'सर' म्हणतात आणि टाळतात.

टाळण्याचे कारण असे. सोसायटीच्या सूचनाफलकाशेजारी सार्वजनिक वृत्तपत्र टांगलेले असते. ते सर सर्वांत आधी वाचतात आणि लाल पेनाने तपासतात. 'चोरटा जेरबंद' या मथळ्यातील 'चोरटा' खोडून वर सुबक अक्षरात 'संशयित' लिहिलेले असते. 'सराईत गुंड' यापुढे समासात 'पुरावा?' असते. 'पोलिसांचा खाक्या दाखवताच कबुली दिली' या वाक्याखाली दोन रेघा आणि 'हे अभिमानाने छापण्याजोगे नाही' असा शेरा. नंतर वाचणाऱ्याला बातमी वाचल्याचे समाधान न मिळता उत्तरपत्रिका परत मिळाल्यासारखे वाटते.

"सर, तुम्ही गुन्हेगारांच्या बाजूचे की पोलिसांच्या?" असे एकदा आमचे नवे सचिव क्षीरसागर यांनी त्यांना विचारले.

"मी क्रमाच्या बाजूचा," सर म्हणाले. "आधी घटना, मग तपास, मग खटला, मग निकाल. तुम्ही लोक निकालापासून सुरुवात करता आणि घटनेपर्यंत पोहोचतच नाही."

"आणि पोलीस?"

"पोलीस म्हणजे गणवेश घातलेली आपलीच घाई, क्षीरसागर. संध्याकाळपर्यंत कुणीतरी पकडा, असं आपण ओरडतो. मग संध्याकाळपर्यंत कुणीतरी सापडतो."

सरांच्या आणखी दोन सवयी मला येथे नोंदवल्या पाहिजेत. त्या वेळी त्यांचा अर्थ आम्हाला लागला नव्हता, परंतु वाचकाने त्या लक्षात ठेवाव्यात.

पहिली सवय. सर कोणाच्याही घरी चहा घेत नाहीत. वाढदिवस असो, वास्तुशांत असो, सत्यनारायण असो, समोर कप आला की ते हात जोडतात. "डॉक्टरांनी दिवसाला एकच कप सांगितलाय. तो राखीव आहे." फारच आग्रह झाला तर गंभीर चेहऱ्याने विचारतात, "तुमच्यावर काही आरोप आहे का?" माणूस गोंधळून "नाही" म्हणतो. "मग राहू द्या," असे म्हणून सर लाडू तेवढा उचलतात. हा विनोद कोणालाच कळत नसे. तरीही सर्वजण हसत, कारण सर हसत नसत.

दुसरी सवय त्यांच्या जास्वंदीची. सर एकटेच राहतात. पत्नी काही वर्षांपूर्वी गेली, मुलगी बेंगळुरूला असते. त्यांच्या गॅलरीत जास्वंदीची एक कुंडी आहे. रोज दिवेलागणीच्या सुमारास ते तिला एका कपातून कसलेसे तपकिरी पाणी घालतात. जोशीकाकूंच्या मते तो विषावरचा प्रयोग होता. "गुन्ह्यांचेच मास्तर ते! काय सांगावं?" मी मात्र वर जाता-येता नीट पाहिले, आणि ते चहाचे पाणी असल्याचे ओळखले. जास्वंदीला किंचित आम्ल माती मानवते, म्हणून सर चहाचा उपयोग खतासारखा करतात, असे मी काकूंना शास्त्रशुद्ध समजावून दिले. माझे स्पष्टीकरण बिनचूक होते. ते खरे नव्हते, एवढेच.

आता मुख्य घटनेकडे येऊ.

सोलापुरात राहणाऱ्याला पाण्याचा दिवस समजावून सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येते, त्या दिवशी ते आधी जमिनीतल्या हौदात पडते, आणि मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवावे लागते. म्हणून पाण्याच्या दिवशी सोसायटीत मोटरीला जो मान असतो, तो अध्यक्षालाही नसतो.

अशाच एका पाण्याच्या दिवशी क्षीरसागर मोटर सुरू करायला गेले, आणि पाहतात तो ओटा रिकामा. चार बोल्ट तेवढे उभे.

तासाभरात सगळी इमारत बादल्या घेऊन खाली उतरली. क्षीरसागरांनी कॅमेऱ्याचे चित्रण काढले. त्यात आदल्या दिवशीच्या भर दुपारी आमचा वॉचमन मल्लिनाथ मोटर खांद्यावर घेऊन रिक्षात ठेवताना स्वच्छ दिसत होता. मल्लिनाथ अक्कलकोटच्या बाजूचा. बायको नागम्मासह फाटकाजवळच्या खोलीत राहतो. नागम्मा ज्वारीच्या कडक भाकऱ्या करते. पापडासारख्या पातळ, महिनाभर टिकणाऱ्या त्या भाकऱ्या इमारतीतील प्रत्येक घरातून पुणे-मुंबईच्या नातेवाइकांना जातात. त्या क्षणी मल्लिनाथ दळण आणायला गेला होता. तो परत येईपर्यंत क्षीरसागरांनी पोलिसांना फोन केला होता. आणि, येथे त्यांची घाई लक्षात घ्यावी, त्याहीआधी भाच्याच्या ओळखीतल्या एका यूट्यूब वाहिनीच्या पत्रकाराला केला होता.

त्यामुळे मल्लिनाथ पिठाचा डबा घेऊन फाटकात शिरला, तेव्हा त्याच्यासमोर पहिल्यांदा माइक आला.

"मोटर तूच नेलीस का?"

"व्हय, मीच नेली की," मल्लिनाथ म्हणाला. "बिराजदार सायबांनी सांगितलं—"

पत्रकाराला एवढे पुरेसे होते. पुढचे अर्धे वाक्य त्याने कापले. 'रक्षकच भक्षक! कॅमेऱ्यासमोर कबुली!' अशी चित्रफीत पोलीस येण्यापूर्वीच आमच्या सर्वांच्या मोबाइलवर पोहोचली. थोड्या वेळाने ती मल्लिनाथच्या गावीही पोहोचली.

बिराजदार म्हणजे आमचे जुने सचिव. टाकी धुण्याच्या वादावरून त्यांनी आदल्याच संध्याकाळी राजीनामा दिला होता, आणि लेकीच्या बाळाच्या बारशासाठी ते हुबळीला गेले होते.

"सायबांनी दुरुस्तीला द्यायला सांगितली," मल्लिनाथ पुन्हा पुन्हा सांगत होता. "रिक्षावाल्याला पत्ता त्यांनीच दिला. दुकान कुटं हाय, मला म्हाईत न्हाय."

"बिराजदारला मी दहादा फोन लावला!" क्षीरसागर गरजले. "लागतच नाही. बरोबर फोन न लागणाऱ्या माणसाचं नाव घेतोय. लई हुशार!"

पोलिसांनी मल्लिनाथला चौकशीसाठी नेले. नागम्मा पिठाचा डबा उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. मग क्षीरसागरांकडे पाहून म्हणाली, "अय्यो, साहेब, मोटर विकून आमी काय करणार? पाणी तर आमालाबी लागतंय की."

या वाक्यात जो बिनतोड युक्तिवाद होता, तो त्या गर्दीत फक्त एका माणसाने ऐकला.

सरवदे सर माझ्याकडे वळले. "बाई, पायात चपला आहेत ना? चला. क्षीरसागर, तुम्हीही चला. फिर्यादीनं घरी बसायचं नसतं."

ठाण्यातील उपनिरीक्षक बाई सरांना पाहताच उभ्या राहिल्या. त्या त्यांच्याच विद्यार्थिनी. सरांनी आधी मल्लिनाथ कोठे आहे ते पाहिले. तो बाकावर बसला होता.

"जेवलास का?"

"न्हाय सर."

"मॅडम, याला आधी काहीतरी खायला मिळू दे. उपाशी माणसाचं उत्तर चौकशीत धरू नये. मी शिकवलं होतं."

"आठवतंय सर," त्या हसून म्हणाल्या, आणि मल्लिनाथपुढे पोहे आले. "त्याला नुसतं बसवलंय. पण सर, फुटेज आहे, आणि 'मीच नेली' म्हणतोय."

"बरोबर. आणि तुम्ही त्याला काय विचारलंत?"

"मोटर कुठे विकलीस, म्हणून."

"म्हणजे निकाल प्रश्नातच देऊन टाकलात. उरलं काय, तर दुकानाचं नाव." सर आता वर्गात उभे होते. खुर्ची होती, तरी ते बसले नाहीत. "प्रश्न असा विचारायचा, की मोटर का नेलीस? त्याचं उत्तर तो सकाळपासून देतोय. तपासायचं तेवढं राहिलंय."

"कसं तपासणार?" क्षीरसागर म्हणाले. "बिराजदारचा फोन लागत नाही! हा बघा, आता पुन्हा लावतो." त्यांनी लावला. लागला नाही.

सरांनी क्षणभर क्षीरसागरांकडे पाहिले. मग स्वतःचा जुना मोबाइल काढला, नंबर शोधला, स्पीकर चालू केला आणि टेबलावर ठेवला. पहिली घंटा पुरती वाजलीही नाही.

"हां सर, बोला बोला!" बिराजदारांचा आवाज ठाणेभर घुमला. मागे बायका पाळणा म्हणत होत्या. "नातीचं बारसं झालं बघा. पेढे आणतोय तुमचे!"

"अभिनंदन. बिराजदार, सोसायटीची मोटर कुठं आहे?"

"मोटर? रिवाइंडिंगला टाकलीय की, अक्कलकोट रोडला. आवाज करत होती. म्हटलं, पद सोडायच्या आधी शेवटचं काम करून जावं. मल्लूला सांगून रिक्षात घातली. झाली असेल तयार. का हो?"

"क्षीरसागरांना कळवलं होतं?"

पाळणा चालूच होता. "कळवणार होतो. पण रागात आधी ग्रुप सोडला, आणि मेसेज टाकायचा राहिला बघा मग."

"फोन का नाही केलात?"

"त्याला? त्याचा नंबर मी ब्लॉक केलाय सर."

उपनिरीक्षक बाईंनी रजिस्टरमध्ये तोंड लपवले. मल्लिनाथच्या हातातला पोह्यांचा घास तसाच राहिला. क्षीरसागरांनी आपला मोबाइल हळूच खिशात घातला, जणू त्यानेच गुन्हा केला होता.

मोटर संध्याकाळपर्यंत परत आली. गच्चीवर पाणी पडल्याचा आवाज आला, तेव्हा सबंध इमारतीने सुस्कारा सोडला. मल्लिनाथही पोलिसांच्याच गाडीतून परत आला. प्रकरण येथे संपले, असे मला वाटले. शाळेत आम्ही उत्तर आले की उदाहरण संपले असे मानतो.

सरांनी त्या पत्रकाराला फोन करून चूक सुधारणारी बातमी द्यायला सांगितले. त्याने चित्रफीत काढून टाकली, पण नवी केली नाही. "सर, मोटर सापडली, याला कोण बघणार?" असे तो अगदी प्रामाणिकपणे म्हणाला. सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "अटकेला ढोल, सुटकेला कुजबुज. आणि मी या पोरांना दोष देत नाही बाई. ढोल वाजला की आपणच खिडकीत येतो."

पुढच्या दिवसांत मला एक गोष्ट जाणवू लागली. मल्लिनाथशी कोणी वाईट वागत नव्हते. उलट सगळे जरा जास्तच चांगले वागत होते. पण त्याच्या डोळ्यांकडे कोणी पाहत नव्हते. ज्यांनी त्या दिवशी तोंड सोडले होते, ते फाटकातून जाताना मोबाइल कानाला लावत. आणि नागम्माला भाकऱ्यांची मागणी येईनाशी झाली. तिच्यावर संशय होता म्हणून नव्हे. मागायला जायचे तर काय बोलायचे, हे कोणाला सुचत नव्हते. लाज आणि संशय यांची फळे बाहेरून सारखीच दिसतात. भाकऱ्यांची टोपली खोलीच्या दारात भरलेली राही.

एके दिवशी ऊन कलताना मल्लिनाथ माझ्याकडे किल्ल्या द्यायला आला.

"गावाकडं जातो बाई. उद्याच्या गाडीनं."

"अरे, पण तू तर सुटलास!"

"सुटलो की. पण हितं बसवंना झालंय. कुणी काय म्हणत न्हाय, तेच लई लागतंय."

मी खाली जाऊन सरांना सांगितले. त्यांनी आत जाऊन इस्त्रीचा पांढरा सदरा घातला, केस विंचरले, आणि स्वतःची वेताची खुर्ची उचलली. ती खुर्ची घेऊन ते फाटकाजवळच्या खोलीसमोर गेले आणि अगदी मध्यावर, जाणाऱ्या-येणाऱ्याला वळसा घालावा लागेल अशी ठेवून बसले. संध्याकाळची वेळ होती. कार्यालयांतून, शिकवण्यांवरून, बाजारातून सगळे परतत होते.

"नागम्मा," सर मोठ्याने म्हणाले, "चहा टाक."

नागम्मा गडबडली. "सर, तुमी तर कुटंच घेत न्हाय..."

"म्हणूनच. साखर नेहमीसारखी. कप बशीसकट."

सरवदे सर चहा पितात! ही बातमी मोटरीच्या चोरीपेक्षा वेगाने जिन्याने वर गेली. जोशीकाकू गॅलरीत आल्या. सर बशीत चहा ओतून, असा फुर्र आवाज करून पीत होते की तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू यावा. आयुष्यभर नियमांवर बोललेल्या माणसाने शिष्टाचाराचा एवढा उघड भंग केलेला मी प्रथमच पाहिला. एक घोट झाला की ते थांबत, मल्लिनाथला काहीतरी विचारत, आणि जो कोणी जवळून जाईल त्याला हाक मारत.

"या जोशी! साखर चालत नाही ना तुम्हाला? बिनसाखरेचा घ्या. नागम्मा, एक बिनसाखरेचा!"

जोशी आले. त्यांच्यापाठोपाठ काकू, "यांच्यावर लक्ष ठेवायला" म्हणून. मी माझी खुर्ची नेली. नागम्माचे कप संपले, तेव्हा वरून कप आले. शेवटी क्षीरसागर मोटारसायकलवरून शिरले. वळसा घालायला वाट नव्हती. ते थांबले, हेल्मेट काढले, आणि हातात धरून उभे राहिले.

मल्लिनाथच उठला. त्याने स्वतःच्या हाताने कप पुढे केला. "घ्या सायेब. गार व्हतोय."

क्षीरसागरांनी कप घेतला. "मल्लू," ते म्हणाले, आणि कपातला एक घोट घेतला. मग टोपलीकडे पाहून म्हणाले, "बहीण पुण्याला चाललीय. पन्नास भाकऱ्या बांधून ठेवायला सांग वहिनींना."

"पन्नास न्हाईत, साठ हायती," आतून नागम्मा म्हणाली. सगळे हसले. त्या हसण्यात जो मोकळेपणा होता, तो गच्चीवर पाणी चढल्याच्या आवाजासारखा होता.

सगळे पांगल्यावर मी सरांबरोबर त्यांच्या दारापर्यंत आले. खुर्चीची एक बाजू मी धरली होती.

"राखीव कप यासाठी होता तर," मी म्हणाले.

"व्हय," सर म्हणाले. मोडनिंबचे हे 'व्हय' त्यांच्या तोंडून मी पूर्वी ऐकले नव्हते. "न्यायालय माणसाला सोडतं, बाई. गल्ली सोडत नाही. गल्लीचा निकाल कागदावर नसतो. त्या माणसाच्या घरी कुणीतरी उघड्यावर बसून चहा प्यायला, की तो लागतो. निर्दोष सुटलेल्या माणसाचा पत्ता मिळाला, की मी जातो. करकंबला गेलोय, बार्शीला गेलोय. ओळख नसली तरी जातो. चहा मागतो."

त्यांनी खुर्ची खाली ठेवली.

"वडिलांना नेलं होतं एकदा. बाजारातल्या कुणाची तरी कापडाची गाठ गेली होती. गाठ मालकाच्याच घरी सापडली, त्यांना सोडलं. गाव आमच्याकडं चहा घेत नव्हताच, आमच्या वस्तीला त्याची सवय होती. पण त्यानंतर वस्तीतलेही यायचे थांबले. वडील दारात बसायचे. आई रोज दोन कप जास्त टाकायची. कुणी आलं तर असावा म्हणून."

"आलं का कुणी?"

सरांनी दार उघडले. "आईनं सवय सोडली नाही," एवढेच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मल्लिनाथने किल्ल्या परत मागून नेल्या. मी दिवसभर विचार करत होते. माझे जास्वंदीचे शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण मनातल्या मनात तपासत होते, आणि त्यावर लाल शाईने खूण करावीशी वाटत होती. दिवेलागणीला मी तळमजल्यावर गेले. दार उघडेच होते.

"सर, चहा घ्यायला आले."

सर स्वयंपाकघरातून बाहेर आले. हातात गाळणे होते. मग चेहरा शक्य तितका गंभीर करून म्हणाले, "माझ्यावर आरोप काय?"

मी बसले. मी येणार हे त्यांना सांगितले नव्हते. तरी ट्रेमध्ये कप दोन होते, आणि आधणही दोनच कपांचे होते.

त्या संध्याकाळी दुसरा कप उरला नाही, म्हणून जास्वंदीला आम्ही साधे पाणी घातले.